निवू न देणारी ऊब

"मी तिला विचारलंय, लेकी. तुला नाही."

रोपवेचा डबा दरीच्या वर मध्येच थांबला होता. वीज गेली की तो असा थांबतो, थोडा झुलतो, आणि वीज आली की काही झालंच नाही अशा थाटात पुढे सरकतो. टेकडीवर कामाला जाणाऱ्या आम्हा अल्जिअर्सच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. पेपर वाचणारा पेपर वाचत राहतो. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर पुदिन्याच्या जुड्यांनी भरलेली पिशवी, आणि सगळा डबा त्या वासानं भरून गेला होता. तिनं माझ्या मुलीकडे वाकून विचारलं होतं, "नाव काय गं तुझं, चिमणे?" मी म्हणाले, "दिहिया." तिनं विचारलं, "केवढी झालीस?" मी म्हणाले, "अडीच संपली, उन्हाळ्यानंतर तीन होतील." मग तिनं दिहियाच्या हातातल्या कापडी गाढवाचा कान हळूच ओढला. "आणि ह्या साहेबांचं नाव?" मी म्हणाले, "त्याला नाव नाही, मावशी. गाढवच म्हणतो आम्ही." तेव्हा तिनं मान वर केली आणि ते वाक्य बोलली. रागानं नाही. रांग सोडून पुढे आलेल्या माणसाला मागे व्हायला सांगावं इतक्या साधेपणानं.

दिहिया माझ्याकडे बघत होती. तिला कुणीही काही विचारलं की ती माझ्याकडे बघते, घंटा वाजली की घरातली माणसं दाराकडे बघतात तशी. "ती अजून बोलत नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं की हेही मीच सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मग थांबू की. डबा तरी कुठे चाललाय?" पेपरवाला हसला. आम्ही थांबलो. खाली कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यानं फुगत होत्या, पुन्हा बसत होत्या. दिहियाची नजर माझ्यावरून निघाली, म्हातारीच्या तोंडावर गेली, गाढवावर आली. तिच्या खालच्या ओठाची काहीतरी हालचाल झाली, दूध तापताना सायीखाली होते तेवढीच, आणि मी पर्समधून रुमाल काढून तिचं नाक पुसलं. तिचं नाक वाहत नव्हतं. तेवढ्यात डब्याला हिसका बसला आणि आम्ही चालू लागलो. म्हातारी मधल्या स्थानकावर उतरली. उतरताना तिनं पुदिन्याची एक जुडी दिहियाच्या मांडीवर ठेवली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्या म्हातारीला उत्तरं देत होते. तुम्हाला काय माहीत, मावशी. कान तपासून झालेत हिचे, दोन्ही, ते टोप्या घालून यंत्रासमोर बसवतात तसे, उत्तम आहेत. जीभ तपासून झाली, टाळू तपासून झाला. डॉक्टर म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे, पावसाळ्यापर्यंत वाट बघू, नाहीतर मग वेगळ्या दिशेनं शोधू. वेगळ्या दिशेनं म्हणजे कुठल्या, हे मी विचारलं नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, पाणी मागता आलं पाहिजे आणि शू सांगता आली पाहिजे, एवढंच, बाकी आम्ही बघू. एवढंच! मी त्यांना सांगितलं की तिला तहान लागली की ती डाव्या पायावर उभी राहते, आणि शू लागली की गाढवाची शेपटी चोखते. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "बाई," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे वर्गात तीस शेपट्या आहेत." मी हसले. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले होते. मला मूल मुकं असण्याची भीती नव्हती, मुकी माणसंही जगतात, आमच्या चुलतआजोबांचं आख्खं दुकान हातवाऱ्यांवर चाललं. मला भीती होती ती आतली. की त्या गोड, शांत, तृप्त चेहऱ्याच्या आत काही म्हणायचंच नसेल तर? सांगायचं असूनही सांगता न येणं वेगळं. सांगायचंच काही नसणं वेगळं. ही भीती मी नवऱ्याला सांगितली नव्हती, यम्माला सांगितली नव्हती. यम्मा म्हणजे माझी आई. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, दिहियाला तीच सांभाळते. त्या दिवशी तिच्या गुडघ्यात सुई घ्यायची होती म्हणून मी पोरीला माझ्याबरोबर वेधशाळेत घेऊन चालले होते, नाहीतर ती म्हातारी मला भेटलीच नसती.

वेधशाळा म्हणजे टेकडीवरचे पाइन, जुना पांढरा घुमट आणि त्याखालच्या आमच्या खोल्या. घुमटातल्या दुर्बिणीतून आता शाळेच्या सहली शनी बघतात. शहराचा उजेड इतका वर चढलाय की दुसरं काही दिसत नाही. आम्ही काम करतो ते दुसऱ्यांच्या दुर्बिणींवर. अमेरिकेतल्या, युरोपातल्या लोकांनी अवकाशातल्या दुर्बिणीतून चित्रं घ्यायची, ती वर्षभर त्यांच्या ताटात, वर्ष उलटलं की ती सगळ्या जगाला खुली होतात; मग आमच्यासारखे लोक बसतात, आणि त्यांनी घाईत काय बघायचं राहून गेलं ते शोधतात. माझ्या खोलीतली फरूजा म्हणते, आपण म्हणजे लग्न आटोपल्यावर मांडवात शिरलेल्या बायका, पण खरं जेवण तेव्हाच होतं. फरूजा माझ्याहून वयानं मोठी, लग्न न केलेली, जिभेला हाड नसलेली. दिहियाला बघून ती म्हणाली, "ही नवी संशोधक कोण? माझ्यापेक्षा कमी बोलते. घेऊन टाका हिला कायम."

"तिला बरं वाटतंय इथे," मी म्हणाले.

"तिनं सांगितलं?"

एकाच दिवशी दोनदा पकडले गेले. दिहिया माझ्या टेबलाखाली शिरली, तिथे वायरींच्या मागे तिनं गाढवाला झोपवलं आणि वर पुदिना पांघरला. मी पडद्यावर माझी दीर्घिका उघडली, दूरची एक आकाशगंगा.

माझी म्हणते, पण तिच्यापासून निघालेला उजेड इथे पोचायच्या कितीतरी आधीपासून ती कुणाचीच नाही. दीर्घिकांच्या एका मोठ्या घोळक्याच्या मधोमध बसलेली, प्रचंड, अंड्याच्या आकाराची, तांबूस. तांबूस का, तर तिच्यात तरुण तारे नाहीत. तरुण तारे निळे असतात, लवकर संपतात. जिथे ते जन्मायचे थांबतात तिथे म्हातारे लाल तारे तेवढे उरतात, खूप काळ, शांतपणे. आणि विचित्र असं की तिच्याकडे ताऱ्यांचा कच्चा माल नाही असं मुळीच नाही. तिच्याभोवती वायूचा एवढा मोठा ढग आहे की त्यातून सूर्यच्या सूर्य करत बसलं तरी संपणार नाही. पण तो वायू तापलेला आहे. लोकांना वाटतं तारा म्हणजे आग, म्हणजे तो आगीतून होत असणार. उलट आहे. तारा जन्मायला गारवा लागतो. वायू निवावा लागतो, निवून जड व्हावा लागतो, स्वतःच्या वजनानं आत बसावा लागतो, तेव्हा कुठे त्यात काही पेटतं. आणि हा वायू निवत नाही. हिशेबानं तो केव्हाच निवायला हवा होता. कुणीतरी त्याला निवू देत नाही.

ते कुणीतरी म्हणजे मधलं कृष्णविवर. वर्तमानपत्रवाले आले की विचारतात, ते आपल्याला गिळेल का? मी सांगते, ते गिळतं फार थोडं. ते तापवतं. थोडासा वायू निवून त्याच्याकडे सरकला की ते जागं होतं, आणि पडलेल्या त्या चिमूटभर घासातून दोन्ही बाजूंना झोत सोडतं. झोतांचे फुगे होतात, फुगे भोवतालच्या वायूला ढकलतात, त्यातून लहरी निघतात, दूरवर जातात, आणि जातील तिथपर्यंत ऊब देतात. मग पुन्हा झोप. मग पुन्हा काही निवायला लागलं की पुन्हा जाग. असं कोट्यवधी वर्षं. त्यात स्फोट नाही, विध्वंस नाही, कुणाला काही होत नाही. नवं तेवढं काही होत नाही. मी एकदा रमजानमध्ये यम्माला हे समजावत होते, ती शोरब्याचं पातेलं ढवळत होती. मी म्हणाले, समज असं पातेलं कुणी कायम मंद आचेवर ठेवलंय, सायही धरू देत नाही. यम्मा म्हणाली, "मग त्याला सांगा ना कुणीतरी गॅस बंद कर म्हणून. सिलिंडर काय फुकट येतो?"

माझी अडचण अशी होती की माझ्या दीर्घिकेत मला ती आच दिसत नव्हती. वायू तापलेला होता, तारे जन्मत नव्हते, पण लहरींचा पत्ता नव्हता. लहरी फार अंधुक असतात. वायूचा एकूण उजेड इतका मोठा की त्या त्यात बुडून जातात. म्हणून आम्ही काय करतो, त्या सलग उजेडाचं एक मॉडेल बनवतो, मधे भडक, कडेला फिकट, आणि ते खऱ्या चित्रातून वजा करतो. जे उरतं ते खरं. माझ्याकडे काही उरत नव्हतं. मी मॉडेल सुधारत गेले, अजून नेमकं, अजून बारीक, तसतसं उरलेलं चित्र अजून कोरं होत गेलं, धुतलेल्या चादरीसारखं. शेवटी मी प्रबंधात लिहून टाकलं होतं की मध्यभाग शांत आहे. कृष्णविवर झोपलेलं आहे. बहुधा आत सांगण्यासारखं काही नाही.

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी पडद्यावर पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा. पुदिन्याचा वास टेबलाखालून वर येत होता. मला कुणास ठाऊक कशी ती बस आठवली. मी सहा-सात वर्षांची असेन, नव्वदच्या दशकातलं, यादवीतलं आमचं अल्जिअर्स, माणसं सकाळी बाहेर पडताना घरच्यांकडे जरा जास्त वेळ बघायची. बाबा एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात होते. त्या वर्षांत मारलं जायला तेवढंही पुरेसं होतं. रस्त्यात बस थांबायची, गणवेशातले लोक चढायचे, आणि गणवेश खरा की उसना हे ते उतरून गेल्यावरच कळायचं. त्यांना ठाऊक असायचं की मोठी माणसं खोटं बोलतात, म्हणून ते लहान मुलांना विचारायचे, गोड आवाजात. "बाळ, तुझे बाबा काय करतात?" आणि मी तोंड उघडायच्या आत यम्माचा हात माझ्या खांद्यावर असायचा, जड, ऊबदार, आणि तिचा आवाज: "पाव भाजतात. ही जरा लाजरी आहे, साहेब." बाबांचे हात शाईनं काळे असायचे, पिठानं पांढरे कधीच नाहीत. पण त्या हाताखाली, त्या आवाजाच्या आत मी इतकी सुरक्षित होते की पुढे कित्येक वर्षं मला बोलायची गरजच वाटली नाही. वाण्याकडे यम्मा बोलायची, शाळेत यम्मा बोलायची, डॉक्टरला माझं पोट कुठे दुखतं ते यम्मा सांगायची, आणि बरोबर सांगायची. विद्यापीठात तोंडी परीक्षेला मला पहिला प्रश्न विचारला गेला तेव्हा मी वळून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं होतं. परीक्षकही बघायला लागले, तिथे कोण आहे म्हणून.

आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका अशा आहेत. आमच्या आया आमच्या आधी बोलल्या म्हणून आम्ही जिवंत आहोत. आता बसमध्ये कुणी चढत नाही. पुदिना विकणाऱ्या म्हाताऱ्या चढतात. पण कुणी माझ्या मुलीकडे वाकलं की माझा खांदा आधी पुढे जातो, आणि उत्तर त्याच्याही आधी.

फरूजा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिला पेन्सिल चावायची सवय आहे, चावल्याचा आवाज माझ्या कानाशी येत होता. "हे तुझं उरलेलं चित्र?"

"हो. काहीच नाही त्यात."

"काहीच नाही म्हणजे इतकं काहीच नाही?" ती वाकली. "नौआरा, एवढी स्वच्छता माझ्या आईच्या ओट्यावर नसते. मॉडेलला किती मोकळीक दिलीस?"

मी तिला आकडे दाखवले. तिनं पेन्सिल तोंडातून काढली. "अगं, हे मॉडेल आहे की सासरी नव्यानं आलेली सून? जरा कुठे उंचवटा दिसला की वाकतंय, जरा खळगा दिसला की भरतंय. तुझ्या लहरी होत्या गं बाई. ह्यानं सगळ्यांची समजूत काढून त्यांना पोटात घेतलंय. उरणार काय मग?" आणि मग, फारशा गांभीर्यानं नाही, परत आपल्या खुर्चीकडे जाताना, "फार मायाळू आहे. थोडं मठ्ठ कर त्याला."

मी ते मठ्ठ केलं. एकेक मोकळीक काढून घेतली. तुला फक्त मधे भडक आणि कडेला फिकट एवढंच कळतं, मी त्याला सांगितलं, त्याहून जास्त तुला काही कळत नाही. असं करताना हाताला बोचत होतं, हे कबूल करायला हवं. महिनोन् महिने शिकवलेलं विसरायला लावत होते मी त्याला. यंत्र गुरगुरत राहिलं. फरूजा कॉफी आणायला गेली. आणि मग उरलेलं चित्र आलं, आणि ते कोरं नव्हतं. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळसर खळगे होते, कणकेत अंगठे दाबावेत तसे, आणि त्यांच्याबाहेर, एकाबाहेर एक, फिकट, दमदार, अर्धवर्तुळाकार लहरी. त्या तिथेच होत्या. मी पहिल्या दिवशी ते चित्र उघडलं तेव्हापासून होत्या. मला वाटलं होतं मी आनंदानं ओरडेन. मी ओरडले नाही. जे झोपलंय म्हणून लिहून दिलं होतं ते इतका वेळ श्वास घेत होतं, आणि मी प्रत्येक श्वास आधीच ओळखून वजा करत आले होते.

टेबलाखाली काहीतरी सळसळलं. मी खुर्ची न हलवता मान खाली घातली. दिहिया भिंतीकडे तोंड करून बसली होती, गाढव तिच्या समोर उभं, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, किंवा यंत्राच्या गुरगुरीत मला आला नसेल. पण ओठ हलत होते, भरभर, मधेच थांबून, बोट उचलून, कुणाला तरी दटावल्यासारखे. माझ्या केसांची बट खाली लोंबली तशी तिनं वळून बघितलं. ओठ मिटले. चेहऱ्यावर ते हसू आलं, ते माझ्यासाठीचं, तृप्त, शांत, जे बघून सगळे म्हणतात की काय गुणाची पोर आहे. मला त्या हसण्याची पहिल्यांदा भीती वाटली.

संध्याकाळी लौनीसचा फोन आला, व्हिडिओवरचा. लौनीस माझा नवरा. दक्षिणेत वाळवंटात तेलाच्या विहिरींवर काम करतो, महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. त्याच्या मागे नेहमीची पत्र्याची भिंत, नेहमीचा पंखा, आणि त्याच्या दाढीत नेहमीची वाळू. "दिहिया," तो म्हणाला, "काय केलंस आज, माझी राणी?" मी म्हणाले, "आज आम्ही रोपवेनं वर गेलो, पुदिना मिळाला, आणि टेबलाखाली घर केलं." पंखा त्याच्यामागे फिरत होता. "मंत्रीमहोदय बसलेत," तो म्हणाला, "आणि प्रवक्त्या निवेदन करतायत." तो हसत होता, पण पूर्ण नाही. "नौआरा, मी तिथे नसतो तेव्हा तू मला तिची बातमी देतेस, ठीक आहे. पण ती माझ्यासमोर आहे ना आत्ता? थोडा वेळ फोन तिच्यासमोर ठेव आणि तू जा ना आत. भांडी वगैरे घास."

"ती काही बोलणार नाही. तू नुसता बसशील."

"मग बसतो. मला काय, इथे वाळूकडे बघत बसतोच."

मी आत गेले नाही. दाराआड उभी राहिले. लौनीस काही बोलला नाही, दिहिया काही बोलली नाही. मग लौनीसनं डोळा मारल्यासारखा काहीतरी आवाज जिभेनं केला, टक, आणि माझ्या मुलीकडून तसाच आवाज आला. टक. मग तिनं केला, आणि त्यानं केला. मी भिंतीला टेकून ऐकत होते, आणि मला, खरं सांगायचं तर, दुःख झालं. माझ्याशी ती हे कधी करत नाही. माझ्याशी करायची तिला गरज पडत नाही.

हे सगळं मी यम्माला सांगायचा प्रयत्न केला. ती गुडघ्यावर गरम पिशवी ठेवून वाल सोलत होती. तिनं ऐकून घेतलं, सगळं, मधे एकदाही न बोलता, आणि मग म्हणाली, "म्हणजे पोरीला काय हवंय ते कळूनसुद्धा द्यायचं नाही. हे तुम्हाला त्या घुमटात शिकवतात?"

"मागेपर्यंत थांबायचं, यम्मा. एवढंच."

"तुझ्या वेळेला मी थांबले असते तर?"

तिच्या बोटांना वालाच्या शेंगांचा हिरवा रंग लागला होता, आणि तोच हात होता तो, खांद्यावरचा. मी म्हणाले, "तेव्हा थांबली असतीस तर आज आपण इथे नसतो. पण आता बसमध्ये कुणी चढत नाही गं." ती म्हणाली, "चढत नाही हे तुला माहीत. माझ्या हाताला कुठे माहीत?" आणि शेंगा सोलत राहिली. दीर्घिकेबद्दल मला नेमकं हेच कुणाला समजावता येत नाही. तिथे कुठेच क्रौर्य नाही. जे मधे बसलंय ते काही हिरावून घेत नाही, ते नुसतं जागं राहतं, भोवतालचं काही गार पडू नये म्हणून.

शुक्रवारी दुपारी जेवायला वाफवलेल्या रव्याचा कुसकुस होता, वालाचा आणि कोवळ्या भोपळ्याचा, आणि त्याबरोबर ताक. दिहियाला ताक फार आवडतं. एरवी ती ताटावर बसायच्या आत तिचा पेला भरलेला असतो, कधी मी भरते, कधी यम्मा, कधी दोघी एकदम आणि मग एक पेला आम्हाला प्यावा लागतो. त्या दिवशी सकाळीच मी यम्माला शपथ घातली होती. ताकाचा जग मधोमध होता, मातीचा, बाहेरून ओला. दिहियाचा पेला रिकामा.

तिनं दोन घास खाल्ले. जगाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या बघण्यात काही मागणं नव्हतं, कोडंही नव्हतं. नुसती आठवण होती, की अगं, विसरलीस. माझा हात मांडीवरून उठला. मी तो मांडीखाली घेतला आणि त्यावर बसले, शाळेतल्या मुलीसारखी.

"काय हवंय?" मी म्हणाले. "मला कळत नाहीये, बाळा."

"कळत नाहीये!" यम्मा म्हणाली. "गल्लीतल्या मांजरालासुद्धा कळेल."

"यम्मा."

"बोलत नाही मी. मी काय, भिंत."

दिहिया माझ्याकडे बघतच होती. मी तिच्याशी तिच्या जन्मापासून कधी खोटं बोलले नव्हते, हे पहिलंच, आणि तिला ते समजलं असावं, कारण तिच्या कपाळावर एक बारीकशी घडी पडली, लौनीसच्या कपाळावर पडते तशी, जी मी तिथे कधी बघितली नव्हती. तिनं पेला उचलून माझ्यासमोर आपटला. मी म्हणाले, "हो, पेला आहे." तिनं पुन्हा आपटला. मग ती रडायला लागली, आणि ते रडणं मला येत असलेल्या तिच्या कुठल्याच रडण्यात बसेना. भुकेचं नाही, झोपेचं नाही, लागल्याचं नाही. मोठ्या माणसाचा अपमान झाल्यावर त्याचा आवाज चिरकतो तसं काहीतरी. यम्मा हात टेकून उठायला लागली, मी तिचं मनगट धरलं. तिची नाडी माझ्या बोटांखाली धावत होती. "सोड मला," ती हळू म्हणाली. "सोड, नौआरा, मला नाही हे बघवत." मी सोडलं नाही. मलाही बघवत नव्हतं. आम्ही दोघी तशा, एकमेकींना धरून, ताट निवत चाललेलं, आणि समोर ती.

रडणं थांबलं. आपोआप, कुणीही काहीही न केल्यामुळे. दिहियानं बाहीनं नाक पुसलं, स्वतःच. मग ती आमच्या दोघींकडेही न बघता, ताटाच्या कडेकडे बघत काहीतरी बोलली. दोन तुकडे होते त्यात, पहिला लांब, दुसरा तुटलेला. ते पाणी नव्हतं, ताक नव्हतं, दे नव्हतं. आमच्या घरच्या कबाइली बोलीत तसा शब्द नाही, अरबीत नाही, फ्रेंचमध्ये नाही. पण तो नुसता आवाज नव्हता. त्याला सुरुवात होती आणि शेवट होता, आणि तो शेवटपर्यंत नेल्यावर तिनं तोंड मिटलं, काम झाल्यासारखं.

यम्मानं माझ्याकडे बघितलं. साहजिकच होतं, ह्या घरात दिहियाचं काहीही समजायचं असलं की सगळे माझ्याकडेच बघतात. "काय म्हणाली?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

मी यम्माचं मनगट सोडलं. मांडीखालचा हात बाहेर काढला, त्याला मुंग्या आल्या होत्या. ताटाच्या पलीकडे वाकले, तिच्या चेहऱ्याच्या पातळीला आले. तो चेहरा लाल होता, ओला होता, आणि मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. एक सुस्कारा टाकला. आणि समजायला जरा जड असलेल्या माणसाला सांगावं तसं, सावकाश, वैतागून, तिनं मला ते पुन्हा एकदा सांगितलं.